न दुखणारी जखम

इस्पितळात तिला सगळे चिमटाबाई म्हणत. तोंडावर सिस्टर आणि पाठ फिरली की चिमटाबाई. तिला हे पक्कं ठाऊक होतं आणि त्याचं काडीचंही वाईट वाटत नव्हतं. नव्याने लागलेल्या एखाद्या मुलीने चुकून तोंडावरच तसं म्हटलं, तर ती "हं, बोल" म्हणून मोकळी होई. बिचारी मुलगीच नंतर दोन दिवस तोंड लपवत फिरे.

वॉर्डाबरोबर ड्रेसिंगची खोलीही तिच्याकडेच होती, तळमजल्यावर, जिन्याखाली. आत एक उंच टेबल, दोन स्टुलं, चाकांची ट्रॉली, हात धुवायचं बेसिन आणि छताला लोंबणारा एक दिवा. तो दिवा ती हवा तिथे ओढून घेई आणि मग जगात दुसरं काही उरत नसे, फक्त समोरची जखम. या खोलीत लोक लंगडत येत, कण्हत बसत आणि बरे झाल्यावर बाजारात समोर दिसली तर मान वळवून निघून जात. त्यांचाही दोष नव्हता म्हणा. तिने त्यांना नको तितकं पाहिलेलं असे.

जिभेला हाड नव्हतं तिच्या. एक स्वयंपाकी भाजलेल्या हाताला टूथपेस्ट फासून आला, तर तिने आधी विचारलं, दात भाजलेत का? एका बाईने चिरलेल्या बोटात कॉफीची पूड दाबून आणली होती. तिला म्हणाली, दूध-साखर घरीच विसरलात वाटतं. पण एकदा का हातमोजे चढले, की जीभ गप्प आणि हात असा हलका की माणसाला पट्टी सुटल्याचं कळू नये. जखमेला चिकटलेला गॉझ ओढून काढणाऱ्याला ती माणसात धरत नसे. ती त्यावर सलाइनची धार धरी आणि तो आपणहून सुटेपर्यंत वाट बघे. मेलेलं मांस काढायचं, जिवंत राखायचं, खड्डा तळापासून भरू द्यायचा, घाईने वरून कातडी जुळली तर समजायचं आत पू साठणार. वरवरच्या मलमपट्टीचा तिला मनापासून तिटकारा होता.

अशा या हलक्या हाताच्या बाईला एका माणसावर सूड उगवायचा होता. आणि तो माणूस कुणी परका नव्हता, सख्खा थोरला भाऊ होता.

दादाचं चपला-बुटांचं दुकान. बोलायला असा गोड की एक जोड घ्यायला आलेला हसत हसत दोन घेऊन जाई. वडील लवकर गेलेले, आई दादाकडेच असे. एका सकाळी आईची उजवी बाजू गेली ती गेलीच. चिमटाबाई म्हणाली, आईला माझ्याकडे पाठव, माझं कामच आहे हे. दादा म्हणाला, मी जिवंत असताना आई दुसऱ्याच्या दारात जाणार नाही. बरं, नाही तर नाही. मग ती सुट्टीच्या दिवशी तिकडे जाई आणि वहिनीला शिकवी: थोड्या थोड्या वेळाने आईची कूस बदलायची, एकदा डावी, एकदा उजवी. गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची, टाचा अधांतरी राहू द्यायच्या. हाड जिथे टेकतं तिथलं मांस दबून मरतं, म्हणून. वहिनी गरीब स्वभावाची, सगळ्याला मान डोलावी.

एक दिवस आईखालची चादर ओली सापडली आणि आपल्या बाईची जीभ सुटली. वॉर्डात सुटते तशीच, मागचापुढचा विचार न करता. दादा नेमका जेवायला घरी आलेला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि दारात उभा राहून म्हणाला, "हे माझं घर आहे, तुझा वॉर्ड नाही. पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही."

तिनेही टाकलं नाही. दोघं एकाच आईची लेकरं, सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही. आज बोलावेल, उद्या बोलावेल, नाहीतर जाईल खड्ड्यात, अशा हट्टात महिने गेले. या महिन्यांचा हिशेब तिने पुढे कधी स्वतःशी मांडला नाही. सगळा दादाच्या नावावर टाकून दिला, ते सोपं होतं.

मग वहिनीचा फोन आला, की या आणि गपचूप या. खोलीत पाऊल टाकताच तिला पावडरीचा आणि अत्तराचा वास आला, इतका दाट की तो कशासाठी मारलाय हे तिला सांगावं लागलं नाही. तिने आईला कुशीवर घेतलं. माकडहाडावर मूठ जाईल एवढा खड्डा होता, कडा काळ्या आणि तळाशी हाड. तिने खड्डा धुतला, भरला, पट्टी बांधली. आईने हूं की चूं केलं नाही. थोड्याच दिवसांत आई गेली.

भेटायला आलेल्या पाहुण्यांपुढे दादा डोळे पुसत बसला होता. चिमटाबाई दारामागे पाण्याचे पेले घेऊन उभी होती. तिने त्याला म्हणताना ऐकलं, की मी आईला शेवटपर्यंत दुखू दिलं नाही, फुलासारखी ठेवली आणि फुलासारखी गेली. पाहुणे माना हलवत होते, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं म्हणत होते. तिने पेले तिथेच खाली ठेवले. एक ना एक दिवस तू माझ्या चिमट्याखाली येशील, असं ती मनात म्हणाली, आणि त्या दिवशी मी तुला सोडणार नाही. तिने डूख धरला तो असा. वर्षं गेली, डोक्यावर पांढरं दिसायला लागलं, तरी तो डूख तिने शिळा होऊ दिला नाही.

आणि दादा आला.

त्याचं असं झालं, की दुकानात आलेला नवा जोड गिऱ्हाइकाला चालून दाखवायला म्हणून त्याने पायात घातला आणि तसाच घरी गेला. आतून एक बारीक खिळा वर आलेला होता. रक्तातल्या साखरेने त्याच्या तळपायाची जाणीव केव्हाच खाऊन टाकली होती, त्यामुळे खिळा पायात घेऊन हा गृहस्थ दिवसभर हसतखेळत हिंडला. मोजा लाल झालेला वहिनीला दिसला. आयुष्यभर लोकांच्या पायांना मापं लावणाऱ्याला स्वतःच्या पायातला खिळा कळू नये! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. वर शहाण्याने चिकटपट्टी लावली आणि चालत राहिला. दुखत नाही ना, मग झालं तर. सर्जनने पाय बघून कपाळाला हात लावला आणि त्याला जिन्याखालच्या खोलीत धाडलं.

"अगं छकू, तू इथे असतेस होय!" दादा दारातूनच म्हणाला, जत्रेत भेटल्यासारखा. अंगाला अत्तर लावलेलं होतं. मागे वहिनी पदराच्या टोकाशी चाळा करत उभी.

"मोजा काढा," चिमटाबाई म्हणाली.

काढ नव्हे, काढा. दादाचं हसू जरा विरलं, पण त्याने मोजा काढला आणि टेबलावर पाय ठेवला. अंगठ्याखाली जाड, पांढरट घट्टा आणि मधोमध भोक. तिने दिवा ओढला. हातमोजे चढवले. ब्लेड घेतलं, चिमटा घेतला. आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच तिने ठरवलं, की आज हात हलका ठेवायचा नाही.

आता ओरड, ती मनात म्हणत होती. तिने घट्टा तासला, त्याखालचं पिवळं, शिजल्यासारखं झालेलं मांस धरून कापलं, कडा खरवडल्या. ज्या कामाला इतर लोक टेबलाची कड घट्ट धरून आईला हाका मारतात, त्या कामाच्या मध्यावर दादा पलीकडच्या स्टुलावर पट्टीसाठी बसलेल्या एका रंगाऱ्याला एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होता. गिऱ्हाइकाने दोन्ही डाव्या पायाचे बूट नेले आणि आठवडाभराने येऊन म्हणालं, चालताना सारखा वळतोय. रंगारी पोट धरून हसला. दादाही हसला. पायाला काही चाललंय याचा त्याला पत्ताच नव्हता. चिमटाबाईला संतापाने रडू यायचं बाकी होतं. इतकी वर्षं जपून ठेवलेला सूड, आणि तो साखरेने आधीच खाल्लेला!

मग तिने बोथट सळई घेतली आणि भोकातून हळूच आत सरकवली. मऊ, मऊ, आणि टक् झालं. जखमेच्या तळाशी हाड लागलं की सळई जशी अडते, तशी अडली. अशा पायात हाड लागलं म्हणजे हाडच सडलंय असं धरून चालायचं.

तिने काही लपवलं नाही. लगेच सर्जनला बोलावलं, पायाचा एक्स-रे फोटो काढला, फोटोतही तेच दिसलं. सर्जनने खुर्ची ओढून समजावून सांगितलं: अंगठा आणि त्यामागचं हाड काढावं लागेल, आणि लवकर. नाहीतर हा पू वर चढेल, मग पाऊल जाईल, मग गुडघ्यापर्यंत. दादाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण डॉक्टर, दुखतच नाही, तर कापायचं कशाला? छान ड्रेसिंग करा, भरेल हळूहळू." सर्जनने दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदाही सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. दादा फक्त ड्रेसिंगला यायला तयार होता.

तेव्हा चिमटाबाईच्या ध्यानात आलं, की आपल्याला काहीच करायचं नाहीये. आपण सांगायचं ते सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, आपले हात स्वच्छ. आता पट्टी बांधायची आणि बघत राहायचं. करावं तसं भरावं! तिने पेनाने त्याच्या पावलावर लाली संपते तिथे रेघ मारली. लाली किती सरकते ते कळावं म्हणून अशी रेघ मारतात. पुढच्या खेपेला लाली रेघेच्या पलीकडे गेलेली होती. तिने सर्जनला कळवलं, दादाला सांगितलं, दादाने पुन्हा मान हलवली आणि तिने नवी रेघ मारली. या काळात ती कुणावर ओरडली नाही. टूथपेस्ट फासून आलेल्याशीही गोड बोलली. वॉर्डातल्या मुली घाबरून एकमेकींना विचारायला लागल्या, चिमटाबाईंना बरं नाहीये का?

खरं सांगायचं तर तिला फार बरं होतं. कित्येक वर्षांत एवढं बरं नव्हतं. घरी जाऊन ती पोटभर जेवे आणि अंथरुणाला पाठ टेकताच झोपी जाई. डोळे मिटताना तिला दादा दिसे, कुबड्या घेतलेला, दुकानाच्या पायरीपाशी अडलेला, आणि त्या चित्राला ती मनातल्या मनात आणखी एक पायरी जोडी.

एक दिवस पट्टी झाल्यावर वहिनीने तिला बाहेर पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. दादा आत मोजा चढवत होता. वहिनीचे डोळे सुजलेले होते.

"वन्सं, तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

"मी सांगितलंय, वहिनी. डॉक्टरांनीही सांगितलंय. आता त्याचा पाय, त्याची मर्जी."

"तुमचा राग आहे ते माहीत आहे मला." वहिनीने पदर तोंडाशी धरला. "पण ते वाईट नाहीत हो. त्यांना दुखणं बघवतच नाही कुणाचं. आईंच्या वेळी नाही का? मी कूस बदलायला गेले की आई कण्हायच्या. ह्यांना ते ऐकवायचं नाही. कानात बोटं घालायचे, भिंतीवर डोकं आपटायचे. मग म्हणाले, बस झालं, आईला हात लावायचा नाही, पडू दे तिला शांत. हे दुकानात गेले की मी चोरून वळवायचे, तर एकदा मधेच परत आले आणि बघितलं. लहान मुलासारखे रडले हो. त्यानंतर माझी हिंमत झाली नाही. पण जिवापाड माया होती त्यांची आईंवर."

वहिनीला वाटलं, हे ऐकून नणंदेचं मन विरघळेल. साधी बाई. चिमटाबाई टाकीला टेकून तशीच उभी राहिली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, की दादाने आईला टाकून दिलं. आळसाने, बेपर्वाईने, दुकानाच्या नादात. आणि आता कळत होतं, की मायेने मारलं. आणि मारून वर तो त्या मायेच्या उबेत सुखाने झोपतोय. मी आईला दुखू दिलं नाही! याच एका वाक्यावर तो उभा आहे, पायावर नाही. त्याचा पाय बधिर असेल, पण हे बधिर नाही. आपला चिमटा इतके दिवस भलत्याच जागी चालला होता.

ती आत गेली. रंगाऱ्याला बाहेर बसायला सांगितलं. दार लावून घेतलं आणि दादासमोरच्या स्टुलावर बसली.

"दादा, तुझ्या पायाला दुखत का नाही, माहीत आहे?"

इतक्या दिवसांनी दादा म्हणाली, तू म्हणाली. त्याचा चेहरा उजळला. "अगं, तेच तर म्हणतोय मी..."

"मेलंय म्हणून. जिवंत मांस दुखतं. मेलेलं दुखत नाही." तिचा आवाज चढला नाही. वॉर्डात चढतो तसा तर मुळीच नाही. "वहिनी आईला वळवायची तेव्हा आई कण्हायची ना? ते तिचं मांस जिवंत होतं म्हणून. ते कण्हणं चांगलं होतं, दादा. त्या कण्हण्यावर जगली असती ती. तू वळवणं बंद केलंस. आधी मांस मेलं आणि मग ती कण्हायची थांबली. तुला वाटलं, आईला आराम पडला. तिच्या पाठीत माझी मूठ जात होती. फुलासारखी गेली म्हणालास ना पाहुण्यांना? मी दारामागे होते."

ती दादाकडे बघत राहिली. कुठलीही जखम बघते तशी, नीट, दिवा ओढून घेतल्यासारखी. त्याचे ओठ थरथरले, मग हनुवटी, मग दोन्ही खांदे. ज्या माणसाने मांस कापून काढताना विनोद सांगितला होता, तो टेबलाची कड धरून आईला हाक मारायला लागला. बाहेर रंगाऱ्याला वाटलं, आज फार खोल खरवडतायत.

बऱ्याच वेळाने दादाने नाक पुसलं आणि पायाकडे बघितलं, जणू तो पाय आत्ताच कुणी त्याच्यासमोर आणून ठेवला होता. "काढा म्हणावं अंगठा," तो म्हणाला.

चिमटाबाईने सर्जनला निरोप धाडला आणि हात धुवायला बेसिनपाशी गेली. पाय वाचवायला म्हणून आपण बोललो की मोडायला म्हणून बोललो, हे तिचं तिलाच नीट सांगता आलं नसतं. पण आत कुठेतरी एक गाठ सैल झाली होती हे खरं, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. अंगठा गेला, पाऊल राहिलं. जखम मुद्दाम उघडी ठेवली होती, तळापासून भरण्यासाठी, आणि ती भरायची जबाबदारी अर्थातच जिन्याखालच्या खोलीवर आली. चिमटाबाईने आपला जुना हलका हात पुन्हा काढला. चिकटलेल्या गॉझवर सलाइनची धार धरली, वाट बघितली, खड्ड्यात ओला गॉझ सैल भरला, ठासला नाही. रक्त चांगलं पोहोचत होतं. लाली उतरली. तळाला लाल, दाणेदार मांस धरायला लागलं. सर्जन येऊन बघून गेला आणि कौतुक करून गेला. दादा मात्र अत्तर लावून येत नव्हता. शेजारी रंगारी बसलेला असे, पण दादाची गोष्ट संपली होती.

अशाच एका खेपेला वहिनी तिच्या कानाशी आली आणि दबक्या आवाजात सांगायला लागली. हे हल्ली सरळ झोपतच नाहीत. जरा डोळा लागला की दचकून उठतात आणि कूस बदलतात. दुपारी खुर्चीत बसले तरी या अंगावरून त्या अंगावर. मला विचारतात, एका कुशीला किती वेळ झाला? मी म्हणते झोपा हो, तर म्हणतात, वळायला हवं.

"काहीतरी बोला ना त्यांच्याशी, वन्सं," वहिनी म्हणाली.

बोलण्यासारखं होतं. त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हती अशी एक गोष्ट चिमटाबाईला ठाऊक होती, आणि तिने सांगितल्याशिवाय ती त्यांना कळायचीही नव्हती. आईचं वय झालेलं, अर्धं अंग गेलेलं, घास गिळवत नव्हता, हाडांवर नुसती कातडी उरलेली. अशा माणसाला घड्याळ लावून वळवलं तरी कधी कधी पाठ फुटून जखम होतेच. तिच्या स्वतःच्या वॉर्डात झाल्या होत्या, तिच्या डोळ्यांदेखत, तिच्या हाताखाली. दादा, वळवलं असतंस तरी जखम झाली असती कदाचित. एवढंच म्हणायचं होतं. आणि ते खोटं नव्हतं.

तिने दिवा खाली ओढला, पट्टीचं शेवटचं टोक चिकटवलं आणि वर बघितलं. दादा तिच्याकडेच बघत होता, डाव्या अंगावर कललेला, आता उजवीकडे वळायच्या बेतात. तो कशाची तरी वाट बघतोय, हे तिला कळत होतं. वाक्य अगदी जिभेच्या टोकावर आलं. तिने ते गिळलं. गिळताना तिला बरं वाटलं, खरंच फार बरं वाटलं.

"छान भरतेय," ती म्हणाली. "परवा ये."